वाचक विचारतात : जपानच्या गल्लीतलं देऊळ

मागच्या अंकात याच सदरात मी टोकियोच्या निशी-कासाई भागातल्या, आमच्या घरामागच्या लहानशा शिंतो, म्हणजे जपानच्या मूळच्या धर्माच्या, देवळाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे आमचा संसार बरीच वर्षं तिथे होता. आता नागपुरात परतल्यावर मी जपानी भाषेच्या शिकवण्या घेते. त्या चार ओळींवर इतकी पत्रं आली की हे सदर यावेळी त्यांनाच दिलं आहे. बहुतेकांनी मोठ्या, प्रसिद्ध देवळांपेक्षा गल्लीतल्या देवळाबद्दल विचारलं, याचा मला मनापासून आनंद झाला. जपानभर ऐंशी हजारांच्या आसपास शिंतो देवळं आहेत आणि पुजारी आहेत त्यांच्या साधारण चौथाई. म्हणजे एकेका पुजाऱ्याकडे अनेक देवळं असतात आणि लहान देऊळ खऱ्या अर्थाने वस्तीच सांभाळते. पानं झाडणं, दिवे लावणं, वर्गणी गोळा करणं, सगळं शेजारपाजारचे म्हातारे-म्हाताऱ्या करतात. आमच्याकडे पहाटे झाडू घेऊन येणाऱ्या आजी तोफूच्या दुकानाच्या मालकीणबाई होत्या. खाली जे लिहिते आहे त्यातलं पुष्कळसं त्यांच्याच तोंडून ऐकलेलं आहे.

ताई, मुलगा टोकियोत नोकरी करून राहिला आहे. यंदा डिसेंबरात आम्ही दोघं पहिल्यांदाच तिकडे जाणार. सून म्हणते, एक जानेवारीला देवळात जायचंच असतं. तिथे नेमकं काय करायचं? आपल्याकडून काही चुकलं म्हणजे?
— त्रिमूर्तीनगर

काकू, चुकण्याची धास्ती आधी सोडा. रांगेत पुढे जी माणसं असतील त्यांचं बघत बघत करा, कोणी काही म्हणत नाही. तरी क्रम सांगते, म्हणजे मन निवांत राहील.

दोन खांबांची कमान दिसेल, ती तोरी. तिच्यासमोर थांबून एकदा वाकायचं आणि मग वाटेच्या कडेकडेने चालायचं, कारण मधला पट्टा देवाचा मानतात. पुढे पाण्याची कुंडी असते. लांब दांड्याची पळी उजव्या हातात घेऊन डाव्या हातावर पाणी घाला. मग पळी डाव्या हातात घेऊन उजवा हात धुवा. पुन्हा उजव्या हातात घेऊन डाव्या तळव्यावर पाणी ओता, त्या पाण्याने चूळ भरा आणि डावा हात परत धुवा. शेवटी पळी उभी धरली की उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळतं आणि दांडाही धुतला जातो. हे सगळं एका पळीभर पाण्यात बसवायचं. पळीला तोंड लावायचं नाही. कोरोनानंतर कित्येक देवळांनी पळ्या काढून टाकल्या आणि नळीतून पाणी वाहतं ठेवलं. तिथे साधे हात धुतले तरी झालं.

देवासमोर पेटीत नाणं टाकायचं, दोर असेल तर तो हलवून घंटा वाजवायची, कमरेतून दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, हात जोडून मनातलं बोलायचं आणि पुन्हा एकदा वाकायचं. इझुमोच्या प्रसिद्ध देवळात टाळ्या चार असतात, पण तुमच्या मुलाच्या गल्लीत दोनच. चपला मात्र काढू नका! आपला हात आपसूक चपलेकडे जातो. पुजाऱ्याने विधीसाठी आत सभामंडपात बोलावलं तरच जोडे काढायचे. गाभारा बंद दिसेल. आत बहुधा आरसा असतो, तोच देवाचं अधिष्ठान, आणि तो कोणाला दाखवत नाहीत. म्हणून दर्शन राहून गेलं अशी रुखरुख लावून घेऊ नका. दर्शनाची रीतच तशी आहे.

एक जानेवारीसाठी माझा आग्रहाचा सल्ला. मुलगा तुम्हाला मेइजी जिंगूला न्यायला बघेल. ते १९२० साली बांधलेलं, सम्राट मेइजी आणि सम्राज्ञी शोकेन यांचं देऊळ, सुंदर अरण्यात आहे. पण पहिल्या तीन दिवसांत तिथे तीसेक लाख माणसं जातात. तुमच्या गुडघ्यांना ती रांग नको. ३१ डिसेंबरच्या रात्री साडेअकराला घराजवळच्या देवळात जा. जवळपास बौद्ध मंदिर असेल तर तिथल्या घंटेचे १०८ ठोके ऐकू येतील. देवळाच्या अंगणात शेकोटी असते आणि वस्तीतली माणसं कागदी पेल्यांतून वाफाळतं आमाझाके देतात. ते तांदळापासून केलेलं गोड पेय आहे. काही ठिकाणी ते मद्याच्या चोथ्यापासून करतात, त्यात थोडा अल्कोहोल असतो, तेव्हा तुम्ही घेत नसाल तर आधी सुनेला विचारायला सांगा. पायात जाड मोजे घाला. नागपूरची जानेवारी तुम्हाला तिथे फार ऊबदार वाटू लागेल.

आमच्या ड्रॅगन पॅलेसमध्ये जपानी पाहुणे येतात तेव्हा मी त्यांना हात जोडताना पाहते. शिंतो देऊळ म्हणजे तेच का? आणि दुसरं: आम्ही बौद्ध आहोत, बावीस प्रतिज्ञा मानतो. मुलगी शिक्षणासाठी जपानला चालली आहे. तिने अशा देवळात जावं की नाही? कोणी जबरदस्ती तर करणार नाही?
— कामठी

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध विहार आहे. नोरिको ओगावा यांच्या देणगीतून ते १९९९ मध्ये कामठीत उभं राहिलं. ओगावा सोसायटीचं हे काम नागपूरकरांना ठाऊक आहेच. दीक्षाभूमीशी ज्यांचं नाव जोडलं गेलं ते भदन्त आर्य नागार्जुन सुरई ससाई जन्माने जपानी, पण भिक्खू म्हणून ते बौद्धच. शिंतो त्याहून वेगळा. त्याला संस्थापक नाही. डोंगर, झाड, पूर्वज, धान यांतल्या देवांशी वस्तीने राखलेलं नातं, एवढंच त्याचं मूळ.

पण इतिहासात हे दोन धर्म हजार वर्षं एका अंगणात नांदले. १८६८ मध्ये मेइजी सरकारने हुकूम काढून त्यांना वेगळं केलं. क्योतोच्या यासाका देवळाला तोवर गिओन म्हणत, आणि ते नाव आलं श्रावस्तीच्या जेतवनावरून, जिथे भगवान बुद्धांनी कित्येक वर्षावास केले. त्या देवळाचा गिओन उत्सव ८६९ साली साथीच्या रोगाच्या वेळी सुरू झाला आणि आजही जुलैभर चालतो. तुमच्या मुलीला हे जरूर सांगा. आपल्या वाटेच्या खुणा तिला तिथे सापडतील.

दुसऱ्या प्रश्नाला मी जपून, पण स्पष्ट उत्तर देते. जबरदस्ती होणार नाही. जपानने सक्तीचा काळ पाहिला आहे. महायुद्धापूर्वी राज्यसत्तेने शिंतो हाताशी धरला होता आणि शाळकरी मुलांनाही देवळात रांगेने नेऊन वाकायला लावत. म्हणूनच १९४७ मध्ये अमलात आलेल्या घटनेच्या विसाव्या कलमात लिहिलं आहे की कोणत्याही धार्मिक कृतीत किंवा विधीत भाग घेण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही. बाबासाहेबांच्या घटनेवर वाढलेल्या मुलीला हे कलम परकं वाटणार नाही.

मग जावं का? माझं मत विचाराल तर अंगणात जरूर जावं. झाडं बघावी, शेजाऱ्यांना भेटावं, उत्सवात पाणी वाटायला उभं राहावं. हात जोडायचे नसतील तर बाजूला थांबावं. माझ्या ओळखीच्या जपानी ख्रिस्ती बाई नेमक्या असंच करत. उत्सवाच्या दिवशी भाताचे गोळे वळायला त्या सगळ्यात आधी हजर, आणि देवासमोर कधी उभ्या राहिल्या नाहीत. वस्तीत त्यांचा मान तसूभरही कमी नव्हता. प्रतिज्ञा तिच्या आहेत, त्या कुठवर न्यायच्या हे तिचं तिने ठरवावं. तो निर्णय तिच्यावर सोपवा.

मी मिहानमधल्या कंपनीत आहे. एप्रिलपासून वर्षभर टोकियोजवळ राहणार. वर्षातले कोणते दिवस देवळासाठी राखून ठेवू?
— हिंगणा रोड

तुझं पत्र वाचून मला तुझा हेवा वाटला. एकाच देवळाचं अख्खं वर्ष बघायला मिळणं हे भाग्य आहे. पोचल्याबरोबर आधी घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरचं देऊळ शोध आणि वर्षभर तेच धर. दहा देवळं एकेकदा बघण्यापेक्षा एक देऊळ दहादा बघ.

पहिला दिवस ३० जूनचा. अर्धं वर्ष संपतं, तेव्हा त्या सहा महिन्यांची मळभ झटकायचा विधी असतो, नागोशी नो हाराए. पावसाळा ऐन भरात असतो. देवळाच्या वाटेवर दर्भासारख्या उंच हिरव्या गवताचं माणसाहून मोठं कडं उभं करतात. त्यातून तीनदा जायचं: आधी डावीकडून वळसा, मग उजवीकडून, पुन्हा डावीकडून, आणि मग सरळ देवासमोर. ओल्या गवताचा वास इतका दाट असतो की तो कपड्यांना लागून घरी येतो. यामागची गोष्ट तोफूवाल्या आजींनी मला सांगितली होती. एक देव वाटसरू होऊन रात्रीपुरता आसरा मागत फिरत होता. श्रीमंत भावाने दार लावलं. गरीब सोमिन शोराईने घरात घेतलं आणि कोदोसारख्या भरड धान्याचा भात वाढला. पुढे देव परत आला आणि म्हणाला, साथ येईल तेव्हा कमरेला गवताचं कडं बांधा, तुमच्या घराला काही होणार नाही. तेच कडं पुढे मोठं होत होत देवळाच्या दारी उभं राहिलं.

त्याच दिवशी कागदाची माणसाच्या आकाराची बाहुली देतात. तिच्यावर आपलं नाव आणि वय लिहायचं, ती अंगावरून फिरवायची, तिच्यावर फुंकर घालायची आणि देवळात देऊन टाकायची. नंतर त्या बाहुल्या पाण्यात सोडतात किंवा जाळतात. तू नागपूरचा आहेस, तुला हे समजावून सांगायची गरज नाही. तान्ह्या पोळ्याला इतवारीत उभं राहून ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ असं ओरडला असशील, तर त्या रांगेत उभा राहिल्यावर तुला सगळं उमगेल. आपली मारबत गाजत-वाजत, गुलाल उधळत जाते. तिथे पाऊस पडत असतो आणि माणसं छत्र्या मिटून मुकाट्याने कड्यातून जातात. मला दोन्ही प्यारं आहे. क्योतोत असशील तर त्या दिवशी मिनाझुकी खा. तांदळाच्या पिठाची पांढरी त्रिकोणी वडी असते, वर अझुकी या लाल कडधान्याचे दाणे.

मग उन्हाळ्यातला मात्सुरी, वस्तीचा उत्सव. तारीख प्रत्येक देवळाची वेगळी, म्हणून जूनमध्येच देवळाच्या फलकावर बघून ठेव. या दिवशी देव देऊळ सोडून मिकोशीत, म्हणजे खांद्यावरच्या पालखीत बसतो आणि आपल्या वस्तीची गल्लीन्‌गल्ली बघून येतो. पालखी कित्येक शे किलोंची असते आणि ती मुद्दाम हलवत, उसळवत नेतात. ‘वाश्शोई, वाश्शोई’ अशी आरोळी अंगात भिनते. तू नुसता फोटो काढत उभा राहू नकोस. खांदा द्यायला जा! पण आयत्या वेळी घुसू नको. प्रत्येक मोहल्ल्याची समिती असते, तिचं नाव पाठीवर असलेला हाप्पी नावाचा डगला घालूनच पालखीला हात लावता येतो. महिनाभर आधी समितीतल्या कोणाला तरी भेट आणि म्हण, मी या वस्तीत नवा आलोय, खांदा देऊ का? तरुण माणसं कमी झाल्यामुळे बहुतेक वस्त्यांना खांदे हवेच असतात. आमच्याकडे हा डगला माझ्या नवऱ्याला मिळाला तेव्हा समितीच्या म्हाताऱ्या अध्यक्षांनी स्वतः त्याचा कमरपट्टा आवळून दिला होता. दुसऱ्या दिवशी नवऱ्याचा खांदा काळा-निळा झाला आणि ऑफिसात तो आठवडाभर प्रत्येकाला सांगत सुटला. लहान मुलांची वेगळी छोटी मिकोशी असते, ती आमच्या लेकीने उचलली. वाटेत थांबे असतात, तिथे बर्फाचं पाणी आणि खाऊ मिळतो. देणगीदारांची नावं लाकडी फलकावर कागदाने चिकटवतात, तूही हजार येन दिलेस तर तुझं नाव काताकानात, म्हणजे परकी नावं लिहायच्या जपानी लिपीत, झळकेल.

मोठा सोहळा बघायचा असेल तर टोकियोतल्या तोमिओका हाचिमान देवळाचा. ऑगस्टच्या मध्यात, तीन वर्षांतून एकदा. पन्नासहून जास्त पालख्या आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी खांदेकऱ्यांवर बादल्यांनी पाणी. तुझ्या वर्षात येतो का ते बघ. नाही आला तरी हळहळू नको.

१५ नोव्हेंबरच्या आसपास तीन, पाच आणि सात वर्षांची मुलं किमोनो घालून येतात, हातात लांब गोळ्यांची पिशवी. लांबून बघ, लोकांच्या मुलांचे फोटो काढू नको. २३ नोव्हेंबरला नव्या भाताचा सण, नीनामे-साई. राजवाड्यात सम्राट स्वतः नवा तांदूळ देवांना अर्पण करतो. १९४८ पासून त्या दिवसाची सुटी कष्टकऱ्यांचे आभार मानण्याची म्हणून कॅलेंडरात आहे, पण देवळात सण धानाचाच आहे. माझं माहेर भंडाऱ्याकडचं, म्हणून हा दिवस मला जवळचा. त्या सुमारास देवळावरचा जाड दोर बघ. तो नव्या धानाच्या तणसाचा पिळलेला असतो. दोर वळणारे हात माझ्या काकांच्या हातांसारखेच होते.

फेब्रुवारीत सेत्सुबुन, वसंत सुरू होण्याच्या आदल्या दिवसाचा सण, बहुधा ३ तारखेला, कधी २ तारखेला. ‘राक्षस बाहेर, सुदैव आत’ असं ओरडत भाजलेले सोयाबीन फेकायचे आणि वयाएवढे दाणे खायचे. दाणे भाजलेलेच हवेत, कच्चा दाणा कुठे पडून रुजला तर फेकलेली पीडा उगवेल, अशी समजूत. देवळाच्या मंचावरून दाण्यांच्या पुड्या टाकतात तेव्हा गर्दीत पिशवी उघडून उभा राहा.

घरात सुतक असलं तर तिथल्या देवळात गेलेलं चालतं का?
— महाल

काका, जपानमध्येही हे पाळतात. जवळच्या माणसाचा मृत्यू झाला तर साधारण ५० दिवस देवळात जात नाहीत, घरातल्या देव्हाऱ्यावर पांढरा कागद लावतात. परदेशी पाहुण्याला कोणी विचारायला येत नाही, पण तुम्ही विचारलंत म्हणजे तुमच्या मनाला ते महत्त्वाचं आहे. तेव्हा थांबा. बौद्ध मंदिरात जायला अशा वेळी काहीच आडकाठी नसते, अंत्यविधी बहुतेक तिथूनच होतात. आणखी दोघींनी पाळीबद्दल चिठ्ठीत विचारलं आहे. जुन्या काळी बंधनं होती. आज वस्तीतल्या देवळात कोणी काही विचारत नाही.

नारळ, कुंकू, उदबत्ती नेऊ का?
— धरमपेठ

नका नेऊ. शिंतो देवळात उदबत्ती लावत नाहीत, ती बौद्ध मंदिरात लावतात. झाडाला किंवा इनारी या धानाच्या देवाच्या दगडी कोल्ह्यांना कुंकू तर मुळीच लावू नका. दगडावरचा डाग निघत नाही आणि तो घासायला एखादी ऐंशी वर्षांची आजीच बसते. खाण्याचं काही ठेवलंत तर कावळे विस्कटून टाकतात. तांदूळ, मीठ, पाणी, साके म्हणजे तांदळाचं मद्य, हा तिथला नैवेद्य, आणि तो पुजारी मांडतो. तुम्हाला काही द्यायचंच असेल तर उत्सवाच्या दिवशी समितीच्या टेबलावर पाकिटात पैसे द्या, त्याची ते नोंद करतात आणि मान राखून घेतात.

गेल्या वर्षी भावाने युशिमा तेन्जिनहून मुलीच्या बारावीसाठी ताईत आणला होता. आता तिला प्रवेशही मिळाला. त्या ताईताचं काय करू? फुटाळ्यात सोडू का?
— सक्करदरा

मुलीचं अभिनंदन! युशिमाचा देव म्हणजे सुगावारा नो मिचिझाने, ८४५ ते ९०३ या काळातला विद्वान आणि कवी. दरबारी कारस्थानामुळे त्याला दूरच्या क्यूशू बेटावर पाठवलं गेलं आणि तिथेच तो वारला. पुढे तो विद्येचा देव झाला. परीक्षेच्या दिवसांत त्याच्या देवळात इच्छा लिहिलेल्या लाकडी पाट्यांवर पाट्या चढतात.

फुटाळ्यात सोडू नका. ताईताच्या पिशवीचं कापड बहुतेक वेळा सिंथेटिक असतं आणि आपल्या तलावांवर आधीच पुष्कळ भार आहे. असा ताईत साधारण वर्षभराने देवळात परत करायचा असतो. तिथे जुने ताईत ठेवायची वेगळी जागा असते आणि ते विधिपूर्वक जाळतात, पुष्कळ ठिकाणी जानेवारीच्या मध्याला. भाऊ किंवा ओळखीचं कोणी जाणार असेल तर पांढऱ्या कागदात गुंडाळून त्यांच्याकडे द्या. शक्यतो त्याच देवळात द्यावा. ते नाहीच जमलं तर दुसऱ्या शिंतो देवळात विचारून द्यावा, बौद्ध मंदिरात देऊ नये. सोबत आभाराचं म्हणून थोडी दक्षिणा पेटीत टाकायला सांगा. काही देवळं टपालानेही घेतात, भावाला फोन करून विचारायला सांगा. तोवर मुलीच्या पुस्तकांच्या कपाटात तो राहिला तरी काही बिघडत नाही.